लाइट रेलची गाडी कशी निवडावी : कोल्हापूरचा रस्ता समोर ठेवून

लाइट रेलच्या गाडीची चर्चा बहुतेक वेळा उत्पादकांच्या रंगीत पुस्तिकांपासून सुरू होते. गाडीचे नाक कसे आहे, काचा किती मोठ्या आहेत, रंग कोणता शोभेल, यावर पहिल्या दोन बैठका निघून जातात. ही गाडी कोणत्या चौकात वळणार आणि वळताना कोणाच्या दुकानाच्या पायरीला घासणार, हा प्रश्न मग निविदा निघाल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा असावा असे माझे म्हणणे आहे. चौक, पूल, पूररेषा आणि कारशेडची जागा यांनी आधी अटी घालाव्यात, आणि त्या अटींत बसणारी, एकाहून अधिक कारखान्यांत तयार होणारी साधी गाडी शेवटी घ्यावी.

कोल्हापुरात आज लाइट रेल नाही. महापालिकेच्या केएमटी बस, रिक्षा आणि दुचाकी यांवरच शहर चालते. तरीही उदाहरणासाठी हे शहर घेतले आहे, कारण गाडीची परीक्षा पाहणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी येथे एकत्र सापडतात : जुन्या पेठांतील अरुंद रस्ते, रेल्वेमार्गाने शाहूपुरी आणि राजारामपुरी यांच्यात घातलेली रेघ, गणेश विसर्जनाच्या मिरवणुका, हंगामात रस्त्यावर उतरणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि पंचगंगेचा पूर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती, म्हणजे हे शहर मेट्रोच्या आकाराचे नाही. पण केवळ बसवर कायम भागेल असेही नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवणे इष्ट. लाइट रेल म्हणजे पोलादी रुळांवर, विजेवर, बहुतांशी रस्त्याच्या पातळीवर धावणारी आणि गर्दीच्या भागात चालकाने डोळ्यांनी पाहून चालवायची गाडी. ट्राम हेच तिचे जुने आणि घरगुती नाव. मुंबईत १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, त्यामुळे आपल्याकडे ट्राम म्हणजे संग्रहालयातील वस्तू असा समज राहून गेला आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१९ साली ‘मेट्रोलाइट’ या नावाने लाइट रेलचे निकष काढले आणि २०२० साली ‘मेट्रो निओ’चे निकष काढले. मेट्रो निओ ही रबरी टायरवर आणि विजेच्या तारेवर चालणारी लांब बस आहे. नाशिकसाठी तिचाच प्रस्ताव मांडला गेला. या दोन्हींची तुलना केल्याशिवाय रुळांकडे वळू नये. गर्दीच्या तासात एका दिशेने हजार-बाराशेपेक्षा कमी प्रवासी असतील, तर रूळ टाकण्याचा खर्च मनातून काढून टाकावा आणि चांगल्या बस घ्याव्यात. पुढील मजकूर त्याहून अधिक गर्दी असलेल्या मार्गांसाठी आहे.

दोर, खडू आणि चौक

निवडीचे पहिले काम कार्यालयात होत नाही, ते चौकात होते. लाइट रेलच्या सामान्य गाड्या २५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून जातात. जुन्या शहरांसाठी बनवलेल्या काही गाड्या १८ मीटरपर्यंत उतरतात, पण अशा गाड्या मोजके कारखाने बनवतात आणि त्यांची किंमत चढी असते. त्यामुळे आपल्या मार्गावर २५ मीटर बसतात की नाही, हे पहिल्याच आठवड्यात समजायला हवे.

हिशेब सोपा आहे. दोन रस्ते काटकोनात मिळत असतील आणि रूळ दोन्ही रस्त्यांच्या मध्यातून जात असतील, तर वळणाचा मधला बिंदू दोन मध्यरेषांच्या छेदापासून त्रिज्येच्या ०.४१४ पट आतल्या कोपऱ्याकडे सरकतो. २५ मीटर त्रिज्येसाठी हे अंतर सुमारे १०.४ मीटर येते. दोन्ही रस्ते १२ मीटर रुंद असतील, तर आतल्या कोपऱ्यावरील इमारत त्या छेदापासून सुमारे ८.५ मीटरवर असते. याचा अर्थ रुळाची मध्यरेषाच त्या इमारतीतून जाते. त्रिज्या १८ मीटर घेतली तरी मध्यरेषा ७.५ मीटरवर येते आणि इमारतीपर्यंत जेमतेम एक मीटर उरतो. गाडीची अर्धी रुंदीच त्याहून जास्त असते. अशा चौकात दोनच उपाय राहतात : वळण्यापूर्वी रूळ रस्त्याच्या बाहेरच्या कडेला न्यावेत, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांची मार्गिका सिग्नलने थांबवावी लागते; किंवा तो चौक मार्गातूनच वगळावा. बाहेरच्या बाजूला चार चार मीटर सरकल्यास मध्यरेषा इमारतीपासून सुमारे पावणेचार मीटर दूर राहते आणि २५ मीटर त्रिज्येत वळणारी साधी गाडी तेथून जाऊ शकते.

हे सर्व नकाशावर करता येते, परंतु अतिक्रमणे, रस्त्यात आलेले विजेचे खांब, देवळाचा पार आणि वडाचे झाड नकाशावर नसतात. म्हणून पहाटे पाच-साडेपाचला, वाहतूक सुरू होण्यापूर्वी, २५ मीटरचा दोर आणि खडू घेऊन चौकात कंस आखावा. जेथे दोराचे केंद्र एखाद्या इमारतीत पडते तेथे काटकोनाच्या दोन बाजू मोजून बिंदू काढावेत. हे काम करणाऱ्यांना पेठेतील लोक सर्व्हेवाले समजून प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे ऐकून घ्यावीत, कारण पावसाचे पाणी कोठे तुंबते हे त्यांनाच ठाऊक असते.

वळणावर गाडी स्वतःच्या रुंदीपेक्षा अधिक जागा झाडते. मराठीत आपण आगगाडीच्या अख्ख्या डब्याला ‘बोगी’ म्हणतो, पण तंत्रज्ञाच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. दोन बोगींच्या मध्यांमधले अंतर जितके अधिक, तितका डब्याचा मधला भाग वळणात आतल्या बाजूस फुगतो. हा फुगवटा अंदाजे त्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट इतका असतो. अंतर ११ मीटर आणि त्रिज्या २५ मीटर असेल तर ६० सेंटिमीटर, अंतर साडेसात मीटर असेल तर २८ सेंटिमीटर. फूटपाथवर उभ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक वीतभराहून अधिक आहे. अरुंद ठिकाणी तुकड्या-तुकड्यांची, सांध्यांची गाडी का लागते, ते या एका सूत्रातून कळते.

मात्र सांधे वाढवण्याचीही किंमत असते. अनेक आधुनिक गाड्यांत लांबी पाच किंवा सात तुकड्यांत विभागलेली असते, काही तुकडे चाकांवर आणि काही दोन शेजाऱ्यांच्या आधाराने लोंबते. या रचनेत बोगी डब्याखाली फिरत नाही, म्हणून वळणात शिरताना बोगीबरोबर सगळा तुकडाच झटक्याने वळतो. अशाने रूळ आणि चाकाची कड लवकर झिजते, वळणावर किंचाळणारा आवाज येतो आणि कच्च्या रुळांवर गाडी डोलते. फिरत्या बोगींची गाडी रुळांवर सौम्य असते. प्रागमध्ये धावणाऱ्या श्कोडाच्या १५टी गाडीत संपूर्ण तळ खाली ठेवूनही सर्व बोगी फिरत्या ठेवल्या आहेत, पण ती रचना गुंतागुंतीची आहे. माझा कौल किमान दोन्ही टोकांना फिरत्या बोगी असलेल्या तीन तुकड्यांच्या गाडीला आहे. आपल्याकडे रुळांची देखभाल कागदावर जितकी नेटकी असते तितकी रस्त्यावर राहत नाही, हे गृहीत धरूनच निवड करावी.

किती लांब, किती रुंद

लाइट रेलच्या गाड्यांची रुंदी साधारणतः २.४० किंवा २.६५ मीटर असते. दोन मार्गांचा विचार केला तर फरक अर्ध्या मीटरचा आहे, आणि अरुंद रस्त्यात अर्धा मीटर म्हणजे निम्मा फूटपाथ. महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी या भागांतून गाडी न्यायची असेल तर २.४० मीटरला पर्याय नाही. परंतु तेथून ती नेऊच नये असे मला वाटते. बिंदू चौकात थांबा दिला तर भवानी मंडपातून अंबाबाईच्या देवळापर्यंत माणूस काही मिनिटांत चालत जातो, आणि तो रस्ता चालणाऱ्यांचाच राहिला पाहिजे. गाडी मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, ताराराणी चौक, राजारामपुरी, शिवाजी विद्यापीठ आणि तेथून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीकडे अशा मोकळ्या रस्त्यांवर ठेवली तर २.६५ मीटर घेता येतात. हीच रुंदी मेट्रोलाइटच्या निकषांशी जुळते.

लांबी ठरवताना प्रवाशांच्या आकड्यांपाशी सावध राहावे. युरोपातील पुस्तिका उभ्या प्रवाशांची संख्या दर चौरस मीटरला चार धरून देतात. आपल्याकडे मेट्रोसाठी सहा किंवा त्याहून अधिक धरतात. समजा एका गाडीत ५० आसने आणि उभे राहण्यासाठी साडेसदतीस चौरस मीटर जागा आहे. चारच्या हिशेबाने तिची क्षमता २०० होते, सहाच्या हिशेबाने २७५. गाडी तीच. दोन उत्पादकांच्या प्रस्तावांची तुलना करताना दोघांना एकाच घनतेवर आणावे, आणि निविदेत ती घनता आपणच लिहावी. मी चार ते पाच धरण्याच्या बाजूचा आहे. सहाने मोजलेली गाडी कागदावर स्वस्त दिसते, पण हातात डबा आणि खांद्याला पिशवी असलेला माणूस एक चौरस मीटरमध्ये सहावा उभा राहत नाही. तो उतरून दुचाकी घेतो.

गर्दीच्या तासात एका दिशेने १८०० प्रवासी मोजले गेले आहेत असे समजू. २०० क्षमतेची गाडी घेतली तर तासाला नऊ फेऱ्या पुरतात, म्हणजे जवळपास सात मिनिटांनी एक गाडी. १३० क्षमतेची घेतली तर चौदा फेऱ्या लागतात, म्हणजे सव्वाचार मिनिटांनी एक. दुसऱ्या पर्यायात चालक अधिक लागतात, वेतनाचा भार वाढतो. पण थांब्यावर आलेल्या माणसाला वेळापत्रक पाहावे लागत नाही. फ्रान्समधील बेझाँसों या लहान शहराने २०१४ साली आपली ट्राम सुरू केली तेव्हा मुद्दाम सुमारे २३ मीटरच्या आखूड गाड्या घेतल्या, थांबे साधे ठेवले आणि खर्च आटोक्यात आणला. मध्यम शहराने पॅरिसकडे पाहण्यापेक्षा बेझाँसोंकडे पाहावे.

आखूड गाडी घेतानाही फलाट पुढच्या लांबीचे बांधावेत. डब्लिनच्या लुआस सेवेत ३० मीटरच्या गाड्यांना २००७-०८ च्या सुमारास मधले तुकडे जोडून त्या ४० मीटरच्या करण्यात आल्या. अशी वाढ शक्य आहे का, तुकडा जोडल्यावर मोटारींची शक्ती पुरते का, कारशेडमधील खड्डा आणि उचलयंत्रे त्या लांबीची आहेत का, हे प्रश्न पहिल्या निविदेतच विचारावेत.

गाड्यांची संख्याही याच टप्प्यावर काढता येते. मार्ग १० किलोमीटरचा, सरासरी वेग ताशी २० किलोमीटर, दोन्ही टोकांना पाच पाच मिनिटांचा थांबा, म्हणजे एका पूर्ण फेरीला ७० मिनिटे. पाच मिनिटांनी एक गाडी सोडायची तर १४ गाड्या रस्त्यावर आणि दोन-तीन कारशेडमध्ये दुरुस्तीसाठी, एकूण १६ किंवा १७. हा आकडा लक्षात ठेवावा. खरेदीच्या वेळी तोच अडचणीचा ठरतो.

तळाची उंची

खालच्या तळाची गाडी रुळाच्या माथ्यापासून सुमारे ३० ते ३५ सेंटिमीटरवर असते, आणि फलाट त्याच उंचीचा केला की चाकाची खुर्ची, बाळाची गाडी किंवा भाजीची पाटी उचलावी लागत नाही. १९८५ साली नांतने फ्रान्समध्ये नव्या पिढीची ट्राम सुरू केली ती उंच तळाची होती. ग्रनोब्लमध्ये अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला आणि १९८७ साली तेथे दारांपाशी खाली तळ असलेली गाडी आली. तेव्हापासून उंच तळाची नवी गाडी शहराच्या रस्त्यावर आणणे हे समर्थनीय राहिलेले नाही.

वाद उरतो तो संपूर्ण खाली तळ घ्यावा की सत्तर टक्के, याचा. संपूर्ण खाली तळाच्या अनेक गाड्यांत दोन चाकांना जोडणारा आस काढून टाकलेला असतो, कारण तो आस मधल्या वाटेच्या आड येतो. आस गेला की चाकांची जोडी रुळावर स्वतःहून मध्यात येण्याचा गुण गमावते आणि कडा झिजतात. सत्तर टक्क्यांच्या गाडीत मधला सर्व भाग आणि सर्व दारे खाली असतात, फक्त टोकांच्या मोटारबोगींवर दोन पायऱ्या चढून काही आसने असतात. त्या बोगी जुन्या ओळखीच्या बांधणीच्या असतात. त्यांचा गिअरबॉक्स आणि चाके सोडवायला जगभराचा अनुभव लागत नाही. ज्या शहरात फौंड्री आणि मशीनशॉप हीच ओळख आहे, तेथे दुरुस्त करता येण्याजोगी बोगी हा मोठा गुण मानला पाहिजे. सर्व दारे खाली असतील, तर सत्तर टक्के पुरेसे आहेत.

दारांबद्दल एवढेच सांगतो : दार दुपाखी आणि सुमारे १.३ मीटर रुंद असावे, म्हणजे एक उतरत असताना दुसरा चढू शकतो. आणि एक दार बिघडले तरी थांबा खोळंबू नये इतकी दारे असावीत.

पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. कोल्हापूरसाठी गाडी निवडणाऱ्याने हे आकडे गाडीच्या मापांशेजारी लिहून ठेवावेत.

खालच्या तळाच्या गाडीचा एक फायदा येथे होतो. तळाखाली जागा नसल्यामुळे इन्व्हर्टर, वातानुकूलन आणि बॅटरी छतावर जातात आणि पाण्यापासून दूर राहतात. परंतु मोटार, गिअरबॉक्स, चुंबकीय ब्रेक आणि आसाच्या पेट्या खालीच असतात. म्हणून उत्पादकाला दोन वेगळे प्रश्न विचारावेत : रुळाच्या माथ्यावर किती मिलिमीटर पाणी असताना गाडी चालण्याच्या वेगाने नेता येते, आणि किती पाण्यात ती उभी राहिली तर बोगी उघडून तपासावी लागते. उत्तर लेखी घ्यावे. ‘पाणीरोधक’ हा शब्द उत्तर म्हणून स्वीकारू नये. परीख पुलाखाली एका जोराच्या सरीत पाणी भरते, आणि तेथे उंचीचीही अडचण आहे. तारेतून वीज घेणारा छतावरचा दांडा, म्हणजे पेंटोग्राफ, दुमडलेली गाडी साधारण साडेतीन मीटर उंच असते आणि वर तारेसाठी जागा लागते. त्यामुळे त्या पुलाखालून जाणारी गाडी शोधत बसण्यापेक्षा रेल्वेमार्ग ओलांडण्याची दुसरी जागा शोधणे स्वस्त पडेल.

गाडीपेक्षाही कारशेडची जागा महत्त्वाची ठरते. २००५ साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये पाणी शिरले तेव्हा कॅनॉल स्ट्रीट मार्गाच्या नव्या लाल गाड्या बुडून निकामी झाल्या, आणि १९२० च्या दशकातील हिरव्या गाड्या उंचावरील शेडमध्ये होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर काही काळ त्या म्हाताऱ्या गाड्यांनीच कॅनॉल स्ट्रीटवर सेवा दिली. आपल्याकडे विद्यापीठाच्या बाजूचा उंच माळ आणि नदीकडचा सखल भाग यांत स्वस्त जागा सखल भागातच मिळेल. ती घेऊ नये.

पुराशीच जोडलेला आणखी एक निर्णय म्हणजे गाडी एकतोंडी असावी की दुतोंडी. एकतोंडी गाडीला एकाच टोकाला चालकाची खोली आणि एकाच बाजूला दारे असतात. तिच्यात आसने अधिक मावतात, पण प्रत्येक टोकाला वळसा घेण्यासाठी रुळांचे मोठे वर्तुळ लागते. दुतोंडी गाडी कोठेही उलटी फिरते. मार्ग शिरोलीकडेही नेला आणि तो भाग पाण्याखाली गेला, तरी दुतोंडी गाडी ताराराणी चौकातून परत फिरवून उरलेला मार्ग चालू ठेवता येतो, आणि पुराच्या दिवसांत रुग्णालयात जाणाऱ्यांना तोच मार्ग लागतो. चार-सहा आसनांसाठी ही सोय सोडू नये. अर्थात गाडी दुतोंडी घेऊन एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारे रुळांचे मधले सांधे टाकायचे विसरले, तर सगळे व्यर्थ.

तार, मूर्ती आणि ऊस

लाइट रेलची वीज बहुधा ७५० व्होल्ट डीसी असते आणि रस्त्यावर तारेची उंची साडेपाच मीटरच्या आसपास ठेवतात. कोल्हापुरात एकवीस फुटी गणेशमूर्तीची मिरवणूक नवी नाही. एकवीस फूट म्हणजे ६.४ मीटर, आणि खाली ट्रॉलीची उंची वेगळी. मिरवणुकीचा रस्ता आणि रुळांचा मार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे तार ठेवता येणार नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करावे. मूर्तीची उंची कमी करा असे मंडळांना सांगून प्रकल्प पुढे सरकेल, अशी आशा ज्यांना वाटते त्यांनी एकदा विसर्जनाची रात्र मिरजकर तिकटीला काढावी.

तार नसलेल्या तुकड्यासाठी तीन मार्ग प्रचलित आहेत. बोर्दोमध्ये २००३ पासून रस्त्यात पुरलेल्या पट्टीतून वीज दिली जाते, जी गाडी वर असतानाच जिवंत होते; पाणी तुंबणाऱ्या शहरात मी या मार्गाचे नावही काढणार नाही. नीसमध्ये २००७ साली दोन मोठे चौक बॅटरीवर पार करण्याची सोय झाली. सेव्हिलमध्ये ईस्टरपूर्व आठवड्याच्या मिरवणुकांना कॅथीड्रलजवळची तार आडवी येई, म्हणून सुपरकपॅसिटर असलेल्या गाड्या आणून ती तार काढण्यात आली. थांब्यावर काही सेकंदांत भरणारे आणि पुढच्या थांब्यापर्यंत पुरणारे हे विजेचे साठे आहेत. सेव्हिलची गरज आणि आपली गरज सख्खी आहे. त्यामुळे निविदेत ‘बिनतारेची गाडी’ असे सरसकट न लिहिता, भरलेल्या गाडीने वातानुकूलन चालू ठेवून, मध्ये एकदा पूर्ण थांबून, किती मीटर तारेशिवाय जायचे आहे, ते लिहावे. आठशे मीटर पुरत असतील तर आठ किलोमीटरची मागणी करू नये; प्रत्येक जादा किलोमीटर छतावर वजन आणि हिशेबात पैसे वाढवतो.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली चिखलमाती आणि ट्रॉलीतून गळलेली कांडी रुळाच्या खाचेत बसतात. ओल्या, मळलेल्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. याचा हिशेब बंद पडलेल्या गाडीवरून करावा. ४० टनांची एक रिकामी गाडी तितक्याच वजनाच्या बंद गाडीला चार टक्के चढावर ढकलत असेल, तर इतर रोध सोडून ३.२ टनांचा जोर लागतो. दोनतृतीयांश वजन मोटारीच्या चाकांवर असेल तर पंधरा टक्के पकडीने चार टन मिळतात, म्हणजे जमते. चढ सहा टक्के असेल तर ४.८ टन लागतात आणि गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. तेथे सर्व चाकांना मोटारी हव्यात. शेफील्डमध्ये दहा टक्क्यांपर्यंतचे चढ आहेत, म्हणून १९९४ साली तेथे धावू लागलेल्या गाड्यांचे सर्व आस मोटारीचे होते. आपल्या मार्गावरील सर्वांत वाईट चढ मोजून मगच मोटारींची संख्या ठरवावी. वाळू सोडण्याची व्यवस्था, चुंबकीय ब्रेक आणि पुढच्या चाकांआधी रूळ साफ करणारा फाळ या तिन्ही गोष्टी मात्र चढ असो वा नसो, घ्याव्यातच.

खरेदी

एकाच कारखान्याची चीज घेतली की शहर त्या कारखान्याचे कूळ बनते. फ्रान्समधील काँ आणि नान्सी या शहरांनी टायरवर चालणारी, एका मधल्या रुळाने दिशा मिळणारी खास बांधणीची गाडी घेतली. दुसरा पुरवठादार नव्हता. काँमध्ये ती सेवा २०१७ अखेर बंद करून २०१९ साली साधी ट्राम आणावी लागली, आणि नान्सीत २०२३ साली ती थांबली. म्हणून रुळांचे माप, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १४३५ मिलिमीटर, वीज ७५० व्होल्ट, चाकाचा छेद प्रचलित, आणि गाडी किमान एखाद्या शहरात काही वर्षे धावलेली असावी. धावलेली म्हणजे नुसती दाखवलेली नव्हे. सीमेन्सच्या कॉम्बिनो गाड्या अनेक शहरांनी घेतल्यानंतर २००४ साली त्यांच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सांध्यांत भेगा आढळल्या आणि त्या मोठ्या संख्येने दुरुस्तीला काढाव्या लागल्या. नव्या नमुन्याचे पहिले गिऱ्हाईक होण्याचा मान कोल्हापूरने नम्रपणे नाकारावा.

येथे अनेकांना सुचणारी एक कल्पना मोडीत काढणे भाग आहे. जर्मनीत कार्ल्सरूहेमध्ये १९९२ पासून तीच गाडी रस्त्यावर ट्राम म्हणून आणि पुढे मुख्य रेल्वेमार्गावर लोकल म्हणून धावते. मग आपली गाडी हातकणंगले-मिरजेपर्यंत का जाऊ नये? कारण तेथे दोन्ही रुळांचे माप एक आहे. आपल्या रेल्वेचे माप १६७६ मिलिमीटर आहे, आणि त्या मापाची रस्त्यावरची गाडी मागितली तर ती फक्त आपल्यासाठी बनेल. म्हणजे पुन्हा कूळ.

सोळा-सतरा गाड्यांची मागणी मोठ्या कारखान्याला आकर्षक वाटत नाही. दिजों आणि ब्रेस्त या दोन फ्रेंच शहरांनी एकत्र येऊन एकाच नमुन्याच्या गाड्या मागवल्या आणि दोन्हीकडे २०१२ साली सेवा सुरू झाली. महाराष्ट्रातील दोन-तीन मध्यम शहरांनी असे केले तर सुटे भागही एकत्र ठेवता येतील. निविदेत झिजणाऱ्या भागांचे नकाशे आणि धातूची प्रत मिळण्याची अट घालावी. ब्रेकच्या चकत्या, आवरणे, बिजागऱ्या, आसनांचे पाय हे भाग शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोलीत ओतता आणि कातता येतात. येथील मिस्त्रीला माप द्या, त्याला पुस्तिकेची गरज नसते. मात्र चाक, आस आणि ब्रेकच्या नियंत्रणाचे भाग प्रमाणित पुरवठादाराकडूनच घ्यावेत, तेथे जिल्ह्याचा अभिमान आड येऊ देऊ नये.

रंग, नाक आणि दिवे यांच्यासाठी एक दुपार पुरे. समोरचा भाग बोथट आणि खालपर्यंत झाकलेला असावा, म्हणजे धक्का लागलेला माणूस किंवा दुचाकी चाकाखाली जात नाही, बाकी आवडीनिवडी.

करार करण्यापूर्वी लाकडी सांगाड्याचा पूर्ण आकाराचा एक तुकडा मागवावा आणि तो दसरा चौकात आठवडाभर उघडा ठेवावा. त्यात काठी घेतलेले आजोबा, नऊवारीतील आजी, चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थी, दुधाची किटली घेतलेला गवळी आणि गाडी झाडणारी बाई यांना चढ-उतार करायला लावावे. झाडणाऱ्या बाईचे मत शेवटी विचारले जाते, आणि आसनाखाली केरसुणी शिरते की नाही हे फक्त तिलाच समजते.

पहिली गाडी आल्यावर तिची चाचणी उन्हाळ्यात उरकू नये. करारातच लिहावे की प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून गाडी जुलैच्या पावसात सर्वांत मोठ्या चढावर थांबवून पुन्हा सुरू केली जाईल, एका गाडीने दुसरी ढकलली जाईल, आणि तीच चाचणी गाळप सुरू झाल्यावर, रूळ उसाच्या मातीने भरलेले असताना, रात्री पुन्हा घेतली जाईल. शेवटचा हप्ता या दुसऱ्या चाचणीनंतरच द्यावा.